निकाली

पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. चाचा,

सलाम. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या सोसायटीला ऐकवायचं. मागच्या वेळी मी ‘परीक्षा चालू आहेत’ म्हणाले, तर तुम्ही ‘रिक्षा घेतलीस व्हय, बरं केलंस’ म्हणालात. शेवटी नजीराच म्हणाली, आब्बांचे कान कुस्तीत गेले ते गेले, तू आपली पत्र लिही.

काम असं आहे. जूनमध्ये कॉलेज उघडलं की मला विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान द्यायचंय. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये माणसं मैदानात हत्यारं घेऊन एकमेकांशी लढायची आणि लोक दगडी पायऱ्यांवर बसून बघायचे. त्या लढणाऱ्यांना ग्लॅडिएटर म्हणतात. बरेचसे गुलाम, काही लढाईत पकडलेले, काही आपणहून आलेले. प्रश्न एवढाच, की ह्याला खेळ म्हणायचं का? आमचे विभागप्रमुख गुरुप्रसाद सर म्हणतात, ती कत्तल होती, विषय संपला. मला तसं पटकन म्हणवत नाही. त्यांचा सराव, त्यांचा खुराक, त्यांचे वस्ताद, सगळं वाचलं की मला तुमची तालीम दिसते. नजीरा आणि मी तिच्या कट्ट्यावर बसून शेंगा खायचो ना, ती. आणि लगेच लाजही वाटते, कारण तिथं माणसं मरायची.

तुम्ही जन्मभर कुस्ती केलीत, आता पंच म्हणून निकाल देता. तुम्ही सांगा. सोबत एका कोरीव दगडाचा फोटो पाठवते, तो बघून सांगा.

तुमची,
इरावती

ता. क. पुण्यात अजून माझ्या तोंडून ‘मी आलो’, ‘मी गेलतो’ निघतं आणि मुली हसतात. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात म्हटलं तर विश्वास ठेवत नाहीत.


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ फेब्रुवारी

चि. इरूस फक्रूचाचाचा आशीर्वाद.

रिक्षाचं मी मुद्दाम म्हणलतो, तुला हसवायला.

फोटो बगितला. काय माणूस हाय गं. मांडी बघ त्येची. ही मांडी बैठका मारल्याबिगर येत न्हाय. ढाल खाली टाकलीया आन् एक बोट वर केलंय. मी पोरांस्नी गोळा केलं आन् म्हणलं, जिंकल्यावर माणसानं कसं वागावं ती बगा. छाती बडवली न्हाय, मिशीवर ताव न्हाय, वरच्याचं आभार मानलं आन् गप उभा राह्यला. त्या वक्ताला आमचा धरम न्हवता ही मला ठाव हाय, पर वरचा हुताच की. मागं काठी घिऊन उभा हाय त्यो त्येचा वस्ताद. आन् तलवार घिऊन तोंड पाडून उभा हाय त्यो हरल्याला. फोटो तालमीत भित्तीला लावलाय. उदबत्ती लावू का म्हणून एकानं इचारलं, त्येला दम दिला.

तुज्या सायबास्नी सांग, शाहू महाराजांनी रोमचं मैदान बगितलं आन् हितं येऊन खासबाग बांधलं. कत्तलखाना बघून महाराज मैदान बांधत्यात व्हय? खेळच त्यो. आमच्याकडनं बी विषय संपला.

आमची नात जोया, तुज्या नजीराची पोरगी, तिची कुस्ती लागलीया. नेसरीकडच्या एका गावची जत्रा हाय एप्रिलात. बेळगावकडच्या मल्लव्वासंगं जोड हाय. तितं पोरींच्या कुस्त्या कायम भर उन्हात, माणसं जमायच्या आधी उरकत्यात. यंदा पैल्यांदाच शेवटाला, मानाच्या एक नंबरला लावलीया. सगळ्या गावात मीच सांगत सुटलोय.

फक्रुद्दीन


पुणे
२० फेब्रुवारी

ती. चाचा,

आता हे कसं सांगू. तुम्ही भिंतीला लावलाय तो माणूस हरलेला आहे.

त्यांच्याकडे बोट वर करणं म्हणजे ‘माझ्याच्यानं आता होत नाही, मला सोडा’ असं सांगणं. ढाल त्यानं त्यासाठीच टाकलीय. तोंड पाडून उभा आहे असं तुम्हाला वाटलं तो जिंकलेला, आणि काठीवाला वस्ताद नाही, पंच आहे. पंचांकडे काठी असायची. बोट वर झालं की ती काठी मध्ये घालून लढत थांबवायची, हे त्यांचं काम. मी हे गुरुप्रसाद सरांना सांगितलं, म्हटलं कत्तलीला पंच लागतो का? ते चष्मा पुसत बसले.

अजून ऐका. बहुतेक लढतींत दोघंही जिवंत परत जायचे. त्यांच्यासाठी वैद्य ठेवलेले असायचे, आणि एखादा मेलाच तर त्याच्यासोबत राहणारे, सराव करणारेच त्याच्या थडग्याचा दगड उभा करायचे. खुराक म्हणजे जव आणि कडधान्यं. लोक त्यांना ‘जवखाऊ’ म्हणून चिडवायचे. बदाम नाहीत, थंडाई नाही, मटण फार कमी. तरीही ती मांडी.

खासबागेचं तुमचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलं. पण चाचा, महाराजांनी तिथलं मैदान आणलं, तलवार आणली नाही. मला वाटतं माझं सगळं व्याख्यान ह्या एका फरकावर उभं राहील.

जोयाला शाबासकी. तिला म्हणावं मावशीच्या कॉलेजात परीक्षा आहेत, नाहीतर पहिल्या रांगेत असते.

इरावती


मंगळवार पेठ
१ मार्च

चि. इरूस आशीर्वाद.

तुजं पत्र मी येड्यावानी तालमीत मोठ्यानं वाचलं. पोरं हौद्यातल्या मातीत लोळून हसली. म्हणली वस्ताद, एवढं दीस आमी हरल्याल्याच्या पाया पडत हुतो व्हय.

पर फोटो मी काढला न्हाय. पोरं गेल्यावर त्येच्याम्होरं खुर्ची घिऊन बसलो. आदी मला त्यो आवडला हुता, आता जास्त आवडाय लागलाय. एवढी माणसं आरडत्यात, अंगात रग हाय, आन् त्यातनं बोट वर करायचं की बास, सोडा. माज्या हातनं एवढं पैलवान घडलं, एकात बी ही ताकद न्हाय. आमी काय करतो? पाठ लागली तरी लागली न्हाय म्हणून पंचाची गचांडी धरतो. मी सोता धरल्याली हाय.

जवाचं जोयाला सांगितलं. म्हणली नाना, मग आजपासनं माज्या वाटचं मटण तुमी खावा आन् तुमच्या वाटचं बदाम मला द्या.

एक इचारतो. बोट वर केलं की सोडायचेच का? आन् समजा एकादा बोट वर करायलाच तयार न्हाय, तर पंचानं काय करायचं? सहज इचारतोय.

उद्यापासनं रोजं. जोया रोजा सोडून मग हौद्यात उतरणार. जरा लंगडती, मुरगळलाय पाय. काय न्हाय तसं.

फक्रुद्दीन


पुणे
१२ मार्च

ती. चाचा,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सोडायचेच असं नाही. पंच फक्त थांबवायचा. सोडायचं की मारायचं ते लढती भरवणारा ठरवायचा, आणि तो बघायचा लोक काय ओरडतायत ते. चांगला लढला असेल तर लोकच ‘सोडा’ म्हणायचे. दोघं तोडीस तोड निघाले तर दोघांनाही सोडायचे. त्याला त्यांचा शब्द होता, ‘उभ्यानं सोडले’. त्यात कमीपणा नव्हता, दगडावर अभिमानानं कोरून ठेवायचे.

पण काही लढती अशा असायच्या की त्यांत सोडवणूकच नाही अशी अट. आपल्या निकालीसारखी. वेळ नाही, गुण नाहीत, बरोबरी नाही, एकाची पाठ मातीला लागेपर्यंत कुस्ती चालूच. आपल्याकडे पाठ लागते, त्यांच्याकडे जीव जायचा, एवढा फरक. त्यांच्या पहिल्या बादशहानं ती अट बंद करून टाकली. तलवारीच्या खेळात राहूनसुद्धा त्या माणसाला ते जास्त वाटलं.

जोयासाठी दुसरा फोटो पाठवते. ह्या दोघी बायका आहेत, ग्लॅडिएटर. समोरासमोर उभ्या, दोघींची नावं कोरलेली, आणि वर एकच शब्द, ‘सोडल्या’. मी तो वाचला तेव्हा माझ्या कानात आपल्या मैदानातला पंच ओरडला, ‘कुस्ती बरोबरीत सोडवली’.

आता दुसरं. तुम्ही सहज कधी काही विचारत नाही. मी नजीराला फोन केला. ती रडायलाच लागली. जोयाचा पाय मुरगळलेला नाही. आणि तिची कुस्ती निकाली आहे, हेही तुम्ही मला लिहिलं नाहीत. का?

इरा


मंगळवार पेठ
२५ मार्च

चि. इरूस आशीर्वाद.

व्हय, लपवलं. कागदावर लिवलं की खरं हुतंय, म्हणून लिवलं न्हवतं.

डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट अर्धं फाटलंय. डॉक्टर म्हणला, आत्ता थांबली तर आपरेशन करून परत खेळंल. आणखी एक पिळ बसला तर कुस्ती कायमची बंद, जिना चढायचं बी वांदं. नजीरा माज्यासंगं बोलत न्हाय. मी जोयाला म्हणलं, बाळ, नाव मागं घिऊ. ती शांतपणं म्हणली, “नाना, पैल्यांदा पोरींस्नी शेवटाची कुस्ती दिलीया. आता मी पाय दुखतोय म्हणलं, की फुडच्या साली परत आमास्नी उन्हात उभं करतील. म्हणतील, पोरींचं असंच असतंय. तुमी नाव मागं घेतलासा तर मी तालमीची पायरी चढणार न्हाय.” आन् मला ठाव हाय, तसंच म्हणतील. तितं मी अडकलोय. तुज्या त्या दोगींचा फोटो दाखवला, तर म्हणती, दगडात कोरायचंच तर जिंकल्याली कोरा की.

मग मी त्या गावात गेलो. जत्रंचं सगळं ज्ञानूअण्णा बघत्यात. म्हणलं, अण्णा, निकाली काढा, वेळ लावा. रोमच्या बादशहानं बी बंद केली हुती. अण्णा म्हणलं, कुठल्या गावचा म्हणलासा? म्हणलं, रोम. म्हणलं, गडहिंग्लजच्या अलीकडं का पलीकडं? सगळी हसली. माणसं वाईट न्हाईत गं. अण्णा म्हणलं, वस्ताद, पत्रकं वाटून झाल्यात, लोकं निकाली बघायला येणार. पैलवान सोता सोडा म्हणली तर सोडवतो, दुसऱ्या कुणी म्हणून चालणार न्हाय. बराबर हाय त्यास्नी. पर ती म्हणायची न्हाय.

महाराजांनी तलवार आणली न्हाय ही तुजं बराबर. पर तलवारीबिगर बी माणूस मोडतो, ती मी इसरलतो. मला लई भ्या वाटाय लागलंय, इरू.

फक्रुद्दीन


मंगळवार पेठ
१६ एप्रिल

चि. इरूस आशीर्वाद.

कुस्ती बरोबरीत सुटली. दोगी चांगल्या लढल्या. आपरेशन झालं, डॉक्टर म्हणला दिवाळीनंतर हळूहळू हौद्यात उतरू दे. तुजं भाषण झाक होऊ दे. त्यात माजं नाव घिऊ नगंस. बाकी काय न्हाय.

फक्रुद्दीन


मंगळवार पेठ
४ मे

प्रिय इरामावशी,

निकाली कुस्ती बरोबरीत कशी सुटली, असं तुम्ही नानांना पत्रात विचारलंत. ते पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. ते लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहितोय. पलंगावर बसून कंटाळा पण आलाय.

मैदान भरलं होतं. झाडावर सुद्धा माणसं होती. सुरुवातीला मीच पट काढायला, तिचे पाय ओढायला गेलो आणि तिथंच गुडघा गेला. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण मल्लव्वाला कळलं. तिनं मागून कब्जा घेतला, मी पालथी. माझा डावा पाय तिच्या हातात होता. नुसता पिळला असता तर मी आपोआप उलटलो असतो. मावशी, तिनं तो पाय सोडला आणि उजवा धरला. परत डावा हाताला लागला, परत सोडला. लोक ओरडत होते, पिळ, पिळ. मला तिचा एवढा राग आला की मी रडायलाच लागलो. मी जोर करून उठायला गेलो आणि गुडघ्यात कट्ट झालं. मग मी एका खांद्यावर पडलो, मान आणि एक पाय टेकवून पाठ वर धरली. गणपतराव पंच होते, ते मातीला गाल लावून बघत होते, पाठ लागते का.

तेवढ्यात नाना आत आले. चपला बाहेर काढून. तुम्हाला माहीत आहे, ऐकू येत नाही म्हणून ते ओरडूनच बोलतात. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. “पाठ लागली. सोडवा.”

गणपतराव म्हणाले, “वस्ताद, मला दिसली न्हाय.”

“मला दिसली. माज्या नातीची लागली म्हणतोय मी. खोटं कशाला बोलू?”

आपल्या माणसाची पाठ लागली म्हणून कुणी सांगितल्याचं तिथं कुणी ऐकलं नव्हतं. आणि सांगणारे कोण, तर नाना. गडहिंग्लजपासून इकडं सगळीकडं त्यांचा निकाल म्हणजे शेवटचा. गणपतरावांनी मान हलवली आणि मल्लव्वाचा हात धरून वर करायला लागले. तिनं हात काढून घेतला.

“इल्ला,” म्हणाली. “लागली न्हाई. वर मी हाय, मला ठाव न्हाई व्हय?”

नाना म्हणाले लागली. ती म्हणाली इल्ला. परत नाना लागली, परत ती इल्ला. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. गणपतराव बिचारे मातीत उभे. म्हणाले, “हरलेल्याचा वस्ताद म्हणतोय हरलो आन् जिंकणारी म्हणती जिंकलो न्हाई. मी निकाल कुणाला देऊ?” आणि त्यांनी आम्हा दोघींचे हात धरले आणि ओरडले, बरोबरीत सोडवली. ज्ञानूअण्णांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या. फुडच्या साली परत ह्याच दोघी शेवटाला, असं त्यांनी तिथंच माइकवर सांगितलं.

मी नानांशी बोलणं बंद केलं. मला आजवर कुणी चीत केलेलं नाही, मावशी. आणि त्यांनी एवढ्या लोकांत सांगितलं की मी झालो. अम्मी पहिल्यांदा त्यांच्या बाजूनं बोलली, तिच्याशी पण भांडलो.

मग घरी माणसं यायला लागली. मला बघायला यायची आणि बोलायची दुसरंच. मल्लव्वा खरी पोरगी, म्हणायची. म्हणजे वस्ताद खोटं बोलले. नातीसाठी खोटं बोलले, तर आजवरचे निकाल कशावरून खरे? एक म्हातारे पैलवान तर दारात उभं राहून म्हणाले, फक्रू, मग तू निकाल दिलास त्या वक्ताला माझी बी लागली न्हवती, आता तरी सांग. नाना म्हणाले, लागली हुती. ते हसले आणि निघून गेले. नाना त्या दिवशी जेवले नाहीत. मला कळत होतं, पण माझा राग गेला नव्हता.

परवा दुसऱ्या एका गावचे लोक आले, त्यांच्या मैदानाला पंच ठरवायला. दरवर्षी नानांनाच न्यायचे. बसले, चहा घेतला, माझा पाय विचारला, उन्हाचं बोलले. मग एक जण खाली बघत म्हणाला, वस्ताद, गणपतरावांचा नंबर असला तर द्या. नाना उठले, आत आले, चष्मा शोधला आणि भिंतीवरचा नंबर कागदावर उतरवायला लागले. आकडा चुकला, खोडला, परत लिहिला. मी पलंगावरून बघत होतो.

मी कुबड्या घेतल्या आणि बाहेर गेलो. म्हणालो, “पावणं, माझी पाठ लागली होती.”

त्यांनी कप खाली ठेवले. म्हणाले, “मग मल्लव्वा न्हाई का म्हणली?”

“दया आली तिला माझी. मी खाली होतो, पाठ माझी आहे, मला कळत न्हाई व्हय? लागली. माती लागली होती पाठीला. नानांनी बरोबर बघितलं. मला लाज वाटली म्हणून आजवर बोललो न्हाई.”

नाना कागद घेऊन दारात आले होते. त्यांनी तोंड उघडलं. मी म्हणालो, “तुमास्नी ऐकू येत न्हाई नीट, तुमी गप बसा.”

त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मी ओरडूनच बोललो होतो.

पावण्यांनी तो कागद घेतला नाही. मैदान जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे, पंच नाना. मल्लव्वाला मी फोन करून सांगितलंय, कुणी विचारलं तर आता तू गप बस. ती कानडीत काहीतरी म्हणाली, बहुतेक शिवी होती, पण हो म्हणाली.

मावशी, पाठ लागली नव्हती. चांगली वीतभर वर होती. हे नानांना माहीत आहे, मल्लव्वाला माहीत आहे आणि मला. आता तुम्हाला. भाषणात आमचं काही सांगणार असाल तर जोया हरली असंच सांगा.

तुमची,
जोया